बालीमध्ये निवासी योगशिबिर घ्यायचे आहे : व्हिसा, शुल्क आणि जबाबदारी यांविषयी मार्गदर्शन हवे

योगशिक्षिका_ठाणे

नमस्कार. मी ठाण्यात गेली ११ वर्षे योगवर्ग घेते. सध्या ३५ साधक आहेत आणि त्यांतील बहुतेक चाळिशी ते पासष्टीच्या महिला आहेत. गेल्या वर्षी आम्ही लोणावळ्याला तीन दिवसांचे निवासी शिबिर घेतले. ते सर्वांना आवडले आणि तेव्हापासून ‘ताई, आता एकदा परदेशात घेऊन चला’ असा आग्रह सुरू आहे. १४ जणींनी तोंडी होकारही दिला आहे. बालीतील उबुद येथील एका निवासी केंद्राशी माझा पत्रव्यवहार झाला असून दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास, सात रात्रींचे शिबिर घ्यावे असा विचार आहे.

माझ्या मनात तीन शंका आहेत. पहिली, पर्यटक व्हिसावर जाऊन तेथे शिकवणे योग्य आहे का? एका परिचितांनी ‘सगळे तसेच करतात, विमानतळावर फक्त फिरायला आलो म्हणून सांगायचे’ असा सल्ला दिला, पण ज्या साधकांना मी यमनियम शिकवते त्यांच्यासमोर असे उत्तर देणे मला जमणार नाही. दुसरी, शुल्क कसे ठरवावे? विमान, निवास, भोजन आणि शिकवणी या सर्वांचे मिळून एकच शुल्क माझ्या खात्यात घ्यावे असे मनात आहे. तिसरी, आयत्या वेळी कोणी रद्द केले तर तो भार कोणी सोसायचा? ज्यांनी असे शिबिर प्रत्यक्ष घेतले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आसनपथ_पुणे

ताई, मी आतापर्यंत तीन वेळा साधकांना घेऊन परदेशात गेलो आहे आणि त्यातील एक शिबिर बालीत होते. परिचितांचा तो सल्ला आधी मनातून काढून टाका. भारतीयांना बालीत उतरल्यावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा असतो आणि त्याचे शुल्क ५,००,००० रुपिया (इंडोनेशियाचे चलन) आहे. साधकांसाठी तो पुरेसा आहे, पण त्यावर काम करण्यास परवानगी नाही. तुमचे मानधन ठाण्यात रुपयांत जमा झाले म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण तुम्ही त्यांच्या भूमीवर काय करत आहात हे तेथील अधिकारी पाहतात. इंडोनेशियाच्या २०११ सालच्या आप्रवासन कायद्यात निवास परवान्याच्या गैरवापरासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० कोटी रुपियांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. बहुतेक वेळा प्रकरण परत पाठवणीवर थांबते, परंतु शिबिराच्या तिसऱ्या दिवशी शिक्षिकेलाच परत पाठवले तर मागे राहिलेल्या १४ जणींचे काय, हा विचार करून पाहा.

म्हणून निवासी केंद्राला पहिले पत्र खोल्यांच्या दराविषयी लिहू नका. बाहेरून येणाऱ्या शिक्षकाचा परवाना कोण काढते, त्यासाठी किती आठवडे लागतात आणि तो कोणाच्या नावावर असतो, हे लेखी विचारा. जे केंद्र या प्रश्नाला स्पष्ट उत्तर देते तेच विचारात घ्यावे. उत्तर टाळणारे केंद्र कितीही सुंदर असले तरी सोडून द्यावे. परवाना वेळेत मिळण्यासारखा नसेल, तर शिकवण्याचे काम परवानाधारक स्थानिक शिक्षकाकडे सोपवून आपण साधकांसोबत साधक म्हणून जाणे हाही प्रामाणिक मार्ग आहे.

आता शुल्काविषयी. पहिल्या वेळी मी चुकलो तो हिशोब इथे मांडतो, म्हणजे माझी चूक तुमच्याकडून होणार नाही. काही खर्च माणसे किती आली यावर अवलंबून नसतो : आपला प्रवास व निवास, हॉलचे भाडे, गाडी, साहाय्यक, परवाना. समजा तो २,४०,००० रुपये आहे. खोली, भोजन, विमानभाडे, व्हिसा आणि बालीने १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांवर लावलेला १,५०,००० रुपियांचा कर मिळून प्रत्येक साधकामागे समजा ४८,००० रुपये. १२ जण येतील असे धरले तर माणशी ६८,००० रुपये होतात. त्यावर मानधनाचे १५,००० घालून ८३,००० शुल्क जाहीर केले. प्रत्यक्षात आठच आले तर जमा ६,६४,००० आणि खर्च ६,२४,०००, म्हणजे वर्षभराच्या धावपळीचे ४०,००० हाती राहतात. सात आले तर ५,०००. सहा आले तर ३०,००० आपल्याच खिशातून जातात. माझ्याकडे सहाच आले होते. त्यानंतर मी नेहमी खात्रीच्या सर्वांत लहान गटावर शुल्क ठरवतो, आणि अधिक लोक आले तर उरलेल्या रकमेतून त्यांना एखादी सहल किंवा चांगली खोली देतो. तोंडी १४ होकारांपैकी पैसे भरेपर्यंत किती टिकतात हे आपल्याला अनामत रक्कम मागितल्यावरच कळेल.

रद्द करण्याचे नियम केंद्राने तुम्हाला दिलेल्या नियमांशी जुळवून घ्या. केंद्र ६० दिवस आधीपर्यंतच पैसे परत करणार असेल, तर साधकांना ३० दिवसांची मुभा देऊन चालणार नाही. हे नियम पैसे घेण्यापूर्वी मराठीत लिहून द्या आणि त्यावर सही घ्या. वर्षानुवर्षांचा स्नेह असलेल्या साधकांकडून सही घेताना संकोच वाटतो, पण तो स्नेह टिकावा यासाठीच ती घ्यायची असते.

करसल्लागार_कोल्हापूर

सर्व पैसे एकत्र आपल्या खात्यात घेण्याच्या मुद्द्यावर थोडे थांबा. आयकर कायद्याच्या दृष्टीने परदेश प्रवासासह हॉटेल, निवास किंवा तत्सम खर्च ज्यात अंतर्भूत आहे असे पॅकेज विकणारी व्यक्ती ही ‘परदेश सहल पॅकेज’ची विक्रेती ठरते, मग ती स्वतःला योगशिक्षिका म्हणवत असो वा प्रवास कंपनी. अशा विक्रेत्याने ग्राहकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा आयकर, गोळा करून सरकारजमा करायचा असतो आणि त्यासाठी टॅन, म्हणजे असा कर गोळा करणाऱ्याचा खाते क्रमांक, घ्यावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा दर सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के होता; पुढे त्यात बदल झाले आहेत, म्हणून पैसे घेण्याच्या तारखेला लागू असलेला दर आपल्या सनदी लेखापालांकडून घ्यावा. ही रक्कम साधकांना विवरणपत्रात वळती करून घेता येते. मात्र आपल्या गटात विवरणपत्र न भरणाऱ्या गृहिणी असतील, तर परतावा मिळवण्यासाठी त्यांना ते भरावे लागेल, आणि हे त्यांना आधीच सांगणे आपले कर्तव्य आहे. वस्तू व सेवा कराचाही विचार करा : सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाखांची उलाढाल ही आहे आणि सगळे पैसे आपल्या खात्यातून फिरले तर वर्गाचे शुल्क धरून ती लवकर गाठली जाऊ शकते.

माझे मत असे की विमान आणि निवास परवानाधारक प्रवास कंपनीकडे द्यावे, तिने आपल्या नावाने पावत्या द्याव्यात, आणि आपण केवळ शिकवणीचे शुल्क वेगळ्या पावतीने घ्यावे. त्यात थोडे कमिशन जाईल, पण विमान रद्द झाले तर रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा हेही ठरलेले असेल.

सुलभा_डोंबिवली

मी अशा एका शिबिरात साधक म्हणून गेले होते, म्हणून साधकाच्या बाजूने लिहिते. शिकवणे उत्तम होते, परंतु निवासाची जागा आमच्या शिक्षिकेने केवळ छायाचित्रे पाहून ठरवली होती. खोल्या दरीच्या उतारावर होत्या आणि हॉल वर, त्यामुळे दिवसातून चार वेळा सुमारे ९० पायऱ्या चढाव्या लागत. गुडघेदुखीसाठी योग करणाऱ्या दोघी तिसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये आल्याच नाहीत. ताई, शक्य असेल तर एकदा स्वतः जाऊन पायऱ्या, न्हाणीघराची फरशी, भिंतीजवळची जागा आणि आसनांना आधार देणारे बोल्स्टर (लोड), बेल्ट, ब्रिक किती आहेत हे मोजून या. इथून सगळे साहित्य नेणे शक्य नसते.

भोजनाबद्दल विशेष काळजी घ्या. तेथील सांबलमध्ये (मिरचीच्या चटणीत) बऱ्याचदा तेरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट, असते, आणि शाकाहारी म्हणून वाढलेल्या भाजीतही ती आढळते. ‘मांस नको’ इतके सांगणे पुरत नाही. मासे, कोळंबी, अंडे, आणि जैन साधक असतील तर कांदा-लसूण व कंदमुळे, असे एकेक पदार्थाचे नाव लिहून द्यावे. टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, मात्र आम्हा सर्वांना आवडले.

उबुदच्या माकडांपासून दूर राहा. बालीत २००८ पासून रेबीज आहे, त्यामुळे चावा किंवा ओरखडा आला तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे लागते. प्रवास विमा घेताना रक्तदाब आणि मधुमेह लपवू नयेत, कारण लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जातो. आणि सात दिवसांत एक दुपार व एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. रोज दोन सत्रे आणि सहली दोन्ही भरल्या की पाचव्या दिवशी शवासनात सगळे झोपलेले असतात.

योगशिक्षिका_ठाणे

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत याबद्दल आभारी आहे. केंद्राला आज परवान्याविषयी पत्र पाठवले आहे. दिवाळीच्या तारखांबद्दल मात्र अजून प्रश्न आहे. सप्टेंबरमध्ये गौरी-गणपती आणि पितृपक्ष असल्याने माझ्या साधक घर सोडणार नाहीत, आणि मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असतात.

आसनपथ_पुणे

नोव्हेंबरपासून बालीत पावसाळा सुरू होतो. कोरडा काळ साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असतो, त्यात जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि दर दोन्ही वाढतात, म्हणून आपल्याकडच्या शाळांना सुट्टी लागल्यावरचा मे महिना तुमच्या गटाला सोयीचा ठरेल. परीक्षा नसत्या तरी मार्चमध्ये न्येपीची तारीख पाहूनच तिकिटे काढावी लागली असती. बालीतही शक संवत चालतो आणि न्येपी हा त्यांचा नववर्षदिन अनेकदा पाडव्याच्या आसपास येतो. २०२५ साली तो २९ मार्चला होता आणि आपला पाडवा ३० मार्चला. त्या दिवशी विमानतळ २४ तास बंद असतो आणि पाहुण्यांनाही निवासाबाहेर पडता येत नाही. साधक आधीच पोहोचलेले असतील तर मौनासाठी याहून चांगला दिवस नाही.

दिवाळीच हवी असेल तर पहिले शिबिर नेपाळमधील पोखराला घेण्याचा विचार करा. भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते, आणि १९५० च्या मैत्री करारामुळे तेथे भारतीयांची स्थिती इतर परदेशी नागरिकांपेक्षा वेगळी आहे. तरीही शिकवणीच्या शुल्कावर तेथे काय लागू होते हे स्थानिक केंद्राकडून लेखी घ्यावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस संपून आकाश स्वच्छ असते आणि फेवा तलावाच्या बाजूने पहाटे अन्नपूर्णेची शिखरे दिसतात. पोखरा सुमारे ८०० मीटर उंचीवर असल्याने श्वासाचा त्रास होत नाही आणि दाल-भात सर्वत्र मिळतो. फक्त दशैंच्या, म्हणजे नेपाळमधील दसऱ्याच्या, आठवड्यात तिकिटे मिळणे कठीण असते आणि काठमांडू ते पोखरा हा सुमारे २०० किलोमीटरचा रस्ता पूर्ण दिवस खातो, म्हणून ज्येष्ठ साधकांसाठी त्या टप्प्याचे विमान शुल्कातच धरा.