प्रति: अनुभव असला की सर्टिफिकेट कोण विचारतो?

नर्सकडे वॉर्डातला अनुभव भरपूर असेल तर कागदपत्रांचं फारसं अडत नाही, असं मत या चर्चेत कोणीतरी मांडलंय. सध्या आहोत त्याच ठिकाणी नोकरी करायची असेल तर ते बरंचसं पटतं. दुसऱ्या देशात नर्स म्हणून नोंदणी करायला गेलं की मात्र चित्र बदलतं. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या नोंदणीसाठी मूळ अभ्यासक्रमच उघडून बघतात: प्रौढांची मेडिकल-सर्जिकल शुश्रूषा (म्हणजे आजारी आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांची), माता व नवजात, बालरुग्ण आणि मानसोपचार या प्रत्येकात थिअरी झाली का, रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम झालं का. एखादा विभाग कमी पडला तर आयसीयूत कितीही वर्षं काढलेली असोत, तो अभ्यास वेगळा पूर्ण करावा लागू शकतो. माझ्या एका अतिशय हुशार सहकारी सिस्टरचं कॉलेजच बंद पडलं होतं. कोणत्या विषयाचे किती तास शिकलो, हा तपशील कोणाकडून सही करून घ्यायचा यातच तिचा अर्ज रखडला, आणि तिचं काम रोज बघणाऱ्या आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं.

म्हणून आत्ता शिकत असलेल्यांना कळकळीने सांगते, पास झाल्यावर नुसती मार्कशीट घेऊन बाहेर पडू नका. विषयवार तासांचा दाखला आणि त्या वर्षीचा अभ्यासक्रम, दोन्ही सही-शिक्क्यानिशी तेव्हाच मागून घ्या. घरी रुग्ण सांभाळणाऱ्या केअरगिव्हर मंडळींनीही कामाची पत्रं जपावीत. त्यावर नर्सची नोंदणी मिळत नाही, पण काही अभ्यासक्रमांच्या प्रवेशाच्या वेळी ती विचारात घेतात.