२७ हजारांत चौघांचं घर: ही निवड की तडजोड?

साताऱ्याचा हिशेबनीस
परवा साखरपुड्यात एका नातेवाइकांनी पगार विचारला. २७ हजार म्हणालो. "एवढ्यात भागतं कसं?" बायको शेजारीच उभी होती. भागतं, आणि बरं भागतं, म्हणून लिहितोय.

घर वडिलांचं, दोन खोल्यांचं. एप्रिलमध्ये वर्षाचा दोन क्विंटल लोकवन गहू एरंडेल लावून भरतो. कुरडया, सांडगे, तिखट घरचं. हप्त्यावर काही घेत नाही. फ्रीजसुद्धा भिशी लागली तेव्हा आला. मुलगी सातवीत, रयतच्या शाळेत. मुलगा नगरपालिकेच्या शाळेत चौथीला. मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात महिन्याला हजार रुपये जातात. पुढच्या वर्षी ती आठवीतली एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा देईल. निवड झाली तर बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार मिळतील.

पुण्यात ३८ हजारांची नोकरी चालून आली होती. भाड्यात आणि येण्याजाण्यात वरचे पैसे संपले असते. इथे रात्री आठला आम्ही चौघं एकत्र जेवायला बसतो. ते मला सोडायचं नव्हतं. ही तडजोड नाही, आम्ही निवडलेलं जगणं आहे.

पिंपरीचा भाडेकरू
दादा, घरभाडं तुमच्या हिशेबात नाहीच. मला ३२ हजार मिळतात, त्यातले ११ हजार भाड्याला. दर अकरा महिन्यांनी नवा करार, कधी नवी खोली, की पुन्हा टेम्पो. पोतं ठेवायला जागा नाही म्हणून पाच-पाच किलो गहू आणतो आणि तो महागच पडतो. काटकसर मीही करतो, पण माझी बचत घरमालकाकडे जाते. तुमच्या समाधानात वडिलांच्या दोन खोल्यांचा वाटा मोठा आहे, तेवढं मान्य करा.

लालबागची लेक
माझे वडील गिरणी कामगार. आईची काटकसर अशी की चहाची पावडर दोनदा उकळायची. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला. आईने साठवलेल्या पैशांवर आम्ही सहा महिने काढले, शेजारच्या घरांत दुसऱ्याच महिन्यात उसनवारी सुरू झाली होती. म्हणून काटकसरीला मी कधी नावं ठेवणार नाही. पण संप मिटला नाही. सातव्या महिन्यात आईच्या पाटल्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत. घर किती जपून चालवलं यापेक्षा पगार सुरू आहे की नाही यावर जास्त अवलंबून असतं, हे मी तेव्हा पाहिलं.

दोन मुलींची आई
कुरडयांचा चीक पहाटे उठून कोण शिजवतं? दोन क्विंटल गहू कोण निवडतं? बाजारातून आणलं असतं तर त्याचे पैसे मोजले असते, घरच्या बाईने केलं की ते "वाचले". आणि पैसे कमी पडले की आधी तिचंच औषध राहतं. माझ्या आईचं राहिलं होतं, म्हणून कळवळून लिहितेय. भाऊ, समाधानी आहोत हे तुम्ही सांगितलंत. वहिनींना विचारलंत का?

साताऱ्याचा हिशेबनीस
पिंपरीच्या दादांचं खरं आहे. भाडं असतं तर मला हा धागा लिहिता आला नसता. आजारपणाला महात्मा फुले योजनेचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, त्याचा धीर वाटतो. ताई, तुमचा प्रश्न मात्र मी घरात विचारला नव्हता. फोन तिच्याकडे देतो.

त्यांची बायको
मी लिहितेय. पुण्याला जायचं नाही हे आम्ही दोघांनी ठरवलं, ते खरं आहे. मुलं बापाजवळ वाढतायत, याचं मोल मला कळतं. कुरडया मला आवडतात, जावा-जावा मिळून करतो, गप्पा होतात.

पण फुले योजना दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येते. माझ्या चष्म्याचा नंबर दोन वर्षांपूर्वी बदललाय, त्याला कुठली योजना? सुई ओवायला मुलीला हाक मारते. ह्यांना मी सांगितलं नव्हतं, कारण दर महिन्याला दुसरं काहीतरी आधीचं निघायचं. आणि सुकन्याचे हजार बाजूला निघतात तसे दोनशे रुपये माझ्या नावाने निघावेत, त्यांचा हिशेब कोणी विचारू नये, एवढं मला हवंय.

साताऱ्याचा हिशेबनीस
शनिवारी चष्म्याच्या दुकानात जातोय. दोनशेचे पाचशे केलेत. भिशीचा एक हप्ता कमी करून बसतात, आत्ताच मांडून पाहिलं.