टीम लीडने भावना दाखवायच्या की दाबायच्या? अभ्यास काय सांगतात?

मालाडची_टीएल

नमस्कार, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. मी मालाडला एका इन्शुरन्स क्लेम्सच्या बॅक ऑफिसमध्ये आहे, ह्या वर्षी टीम लीड झाले आणि तेही ज्या टीममध्ये इतकी वर्षं काढली तिचीच, म्हणजे ज्यांच्याबरोबर डबा खायचे त्यांचीच अप्रेजल्स आता मला लिहायचीत. नवीन लीड्सना कंपनीने ट्रेनिंग दिलं, त्यात ट्रेनर म्हणाले लीडरने भावना गेटवर ठेवून आत यायचं. इकडे आमचे मॅनेजर म्हणतात तू कायम हसतमुख राहा, लीड हसरी असली की टीम पॉझिटिव्ह राहते. आता चेहरा कोरा ठेवायचा का हसरा?

मध्यंतरी क्लायंटकडून एस्कलेशन, म्हणजे वरपर्यंत तक्रार, आलं, बऱ्याच फाइल्स कागदपत्रं न उघडताच पुढे ढकललेल्या निघाल्या, फक्त टॅट, म्हणजे फाइल निकाली काढायची ठरलेली मुदत, सांभाळायला. त्या फाइल्समागे हॉस्पिटलच्या बिलाचे पैसे अडकलेली माणसं होती हो. सकाळच्या हडलमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगमध्ये, माझा आवाज चढला आणि चिडायचं कारण रास्त होतं असं मला आजही वाटतं. पण मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तुझा ईक्यू, म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता, कमी पडतोय, आणि एका ऑनलाइन टेस्टची लिंक पाठवली.

सुविचार नकोत प्लीज, ते ग्रुपवर रोज येतात. ह्या विषयावर कुणी नीट अभ्यास केलेत का, माणसं घेऊन, तपासून? त्यातून काय निघालं? आणि मी काय करायला हवं?

ओबी_शिकवतो

उपनगरातल्या एका कॉलेजात एमएमएसच्या, म्हणजे मॅनेजमेंटच्या मुलांना ऑर्गनायझेशनल बिहेविअर (ओबी), म्हणजे कामाच्या ठिकाणी माणसं कशी वागतात हा विषय, शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दर वर्षी वर्गात येतो, आणि फार महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तो ईक्यू. १९९० मध्ये पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली, त्यांचं म्हणणं साधं होतं की स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणं, त्यांच्यातला फरक कळणं आणि ती माहिती विचार करताना वापरणं ही एक क्षमता आहे. बघा, ह्यात भावना दाबा असं कुठेच नाही. १९९५ मध्ये डॅनियल गोलमनच्या पुस्तकामुळे ती जगभर पोचली आणि मग दावे फुगत गेले. २०१० मध्ये जोसेफ आणि न्यूमन ह्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा दिसलं की ईक्यूचा कामगिरीशी संबंध मुख्यतः अशा नोकऱ्यांत दिसतो जिथे भावना सांभाळणं हाच कामाचा मोठा भाग आहे, बाकी ठिकाणी तो फारसा टिकत नाही. आणि तुम्हाला आलेली लिंक बहुतेक स्वतःच स्वतःला मार्क द्यायची असेल, त्यातून तुम्ही स्वतःला कसे समजता ते कळतं, क्षमता कळत नाही. एका हडलवरून कुणाचा ईक्यू ठरवणं हे तर कुठल्याच संशोधनात बसत नाही.

आता कोरा चेहरा. आर्ली हॉक्शील्ड ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या एअर होस्टेसचा अभ्यास करून १९८३ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यांचा मुद्दा हा की हसू हा त्या मुलींच्या पगारी कामाचाच भाग आहे आणि त्या कामाला मेहनत लागते. त्यांनी दोन प्रकार दाखवले, एक वरवरचा, म्हणजे आत राग आहे पण चेहऱ्यावर हसू चिकटवायचं, आणि दुसरा आतला, म्हणजे समोरचा पॅसेंजर पहिल्यांदा विमानात बसलाय, घाबरलाय असा विचार करून आतला भावच बदलायचा. पुढे तीस एक वर्षांच्या अभ्यासांचा आढावा ह्यूलशेगर आणि शेवे ह्यांनी २०११ मध्ये घेतला, त्यात वरवरच्या अभिनयाचा संबंध थकवा, ताण, नोकरीतलं असमाधान ह्यांच्याशी ठळक दिसला, दुसऱ्या प्रकाराचा तसा दिसला नाही. जेम्स ग्रॉस आणि सहकाऱ्यांचे प्रयोगशाळेतले अभ्यासही हेच सांगतात, चेहरा दाबून धरला तर बाहेरून शांत दिसतो पण शरीरातला ताण वाढतो, आणि त्या वेळात काय बोललं-दाखवलं गेलं ते कमी लक्षात राहतं. म्हणजे मीटिंगमध्ये चेहरा सांभाळण्यात गुंतलेली लीड मीटिंगच नीट ऐकत नाही.

हसरं राहा ह्यात मॅनेजरचं अर्धं बरोबर आहे. सिगल बारसेड ह्यांनी २००२ मध्ये छापलेला प्रयोग बघा. मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांचे गट केले, प्रत्येकाने आपल्या माणसाला बोनस मिळवून द्यायचा आणि पैसे मर्यादित. प्रत्येक गटात एक शिकवून तयार केलेला अभिनेता घुसवला होता, कुठे आनंदी, कुठे त्रासलेला. त्याचा मूड बाकीच्यांना लागला, आणि आनंदी मूड लागला तिथे सहकार्य वाढलं, भांडणं कमी झाली. तेव्हा मूड लागतो हे खरंच आहे. पण त्यावरून रोज खोटं हसा असा अर्थ काढला की वरच्या परिच्छेदातला खर्च तुमच्या अंगावर येतो.

आणि राग, तुमचा मुख्य प्रश्न. व्हान क्लीफ आणि मंडळींनी २००९ मध्ये चार-चार जणांच्या टीम घेतल्या, लीडरने फीडबॅक दिला तो काहींना रागाने, काहींना आनंदाने. ज्या टीमना काय चाललंय ते खोलात जाऊन समजून घ्यायची ओढ होती त्यांनी रागावलेल्या लीडरनंतर जास्त चांगलं काम केलं, कारण त्यांनी रागातून माहिती घेतली की आपलं काम कमी पडतंय. ज्यांना ती ओढ नव्हती त्यांना फक्त लीडर आवडेनासा झाला आणि त्यांचं काम आनंदी लीडरखालीच बरं झालं. माझं स्पष्ट मत, राग वाईट नाही, त्यातून कामाबद्दल काही कळलं पाहिजे. तुम्ही हडलमध्ये नेमकं काय बोललात, फाइल्सबद्दल की माणसांबद्दल, त्यावर सगळं आहे.

सिस्टर_इन्चार्ज

सरांनी छान लिहिलंय. मी पालिकेच्या रुग्णालयात वॉर्ड सांभाळते, तर एक अभ्यास माझ्याकडून, कारण तो आमच्याच पेशातला आहे आणि नवीन स्टाफ आली की मी तिला तो सांगतेच.

एमी एडमंडसन नावाच्या संशोधक बाई नव्वदच्या दशकात हॉस्पिटलच्या वॉर्डांत औषधांच्या चुका मोजत होत्या. त्यांना वाटलं होतं की जिथे टीम चांगली, प्रमुख सिस्टर चांगली, तिथे चुका कमी असणार. आकडे आले उलटे, चांगल्या वॉर्डात नोंदलेल्या चुका जास्त! खोलात गेल्यावर कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथे मुली त्या सांगत होत्या, आणि जिथे इन्चार्जची भीती तिथे चूक झाली तरी ती दडून राहायची. पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादक कंपनीतल्या ५१ टीमवर अभ्यास छापला, तिथेही तेच, जिथे बोलायला सुरक्षित वाटतं तिथे टीम शिकते.

मी हे रोज बघते ताई. डोस चुकला तर अर्ध्या तासात कळलं तर डॉक्टरला सांगून काही करता येतं, हँडओव्हरपर्यंत, म्हणजे शिफ्ट बदलेपर्यंत, लपवलं तर पेशंट जाऊही शकतो. म्हणून मला तुमच्या रागापेक्षा त्या नंतरची काळजी वाटते. तुम्ही चिडल्यावर टीम तुमच्याकडे चुका घेऊन यायची थांबली का? फाइल चुकली तर कुणी स्वतःहून सांगतं का अजून? हे तपासा. सांगत असतील तर तुमचा आवाज चढला ह्याने काही बिघडलेलं नाही. माझाही चढतो, पेशंटच्या जिवाचा प्रश्न असेल तर चढायलाच हवा.

अंधेरी_सेल्स

सगळं वाचलं, माहिती चांगली आहे पण मला एक पटत नाही, हे सगळे प्रयोग परदेशातल्या कॉलेजच्या मुलांवर नाहीतर विमानातल्या पोरींवर. आपल्याकडे माणूस विरारहून दारात लटकत येतो, घरी कुणीतरी आजारी, ईएमआय, वर टार्गेट. आणि आपल्याकडे बॉसला वडीलधारं मानतात, तिकडे नावाने हाक मारतात. त्यांचे निष्कर्ष इथे कसे लागू होणार? मी चांगला बॉस बघितलाय, तो ओरडायचा पण माझ्या बहिणीच्या लग्नात दोन दिवस आधी येऊन उभा राहिला होता. त्याच्यासाठी आम्ही रविवारी पण यायचो.

मुलुंडकर_काका

अंधेरीवाल्या भावा, तू तुझ्या बॉसचं जे वर्णन केलंस ना त्याच्यावर आपल्याच देशात संशोधन झालंय. पाटण्याचे प्रोफेसर जय बी. पी. सिन्हा, त्यांनी १९८० मध्ये पुस्तक लिहिलं त्यात हेच मांडलं की भारतीय कामगाराला माया करणारा आणि त्याच वेळी कामात कडक असा वरिष्ठ मानवतो. पण मायेला अट आहे, नुसते लाड नाहीत, काम केलंस तर माया, आणि माणूस तयार होत गेला की वरिष्ठाने हळूहळू लगाम सैल करून त्याला निर्णयात घ्यायचं. ही दुसरी पायरी आपल्याकडचे बरेच साहेब विसरतात, जन्मभर वडीलच राहतात.

मी लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात फोरमन होतो, आता रिटायर. कंपनीने पवईला निटीमध्ये, म्हणजे आताचं आयआयएम मुंबई, एका शॉर्ट कोर्सला पाठवलं होतं, तिथे दोन अभ्यास ऐकले ते नोकरीभर उपयोगी पडले.

पहिला फ्लाइशमन आणि हॅरिस ह्यांचा, १९६२ चा, अमेरिकेत ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातल्या फोरमनवर, कॉलेजची मुलं नाहीत, अगदी आमच्यासारखी माणसं. त्यांनी दोन गोष्टी बघितल्या, फोरमन माणसांची कदर किती करतो आणि कामाची शिस्त किती लावतो, आणि त्यासमोर ठेवले ग्रीव्हन्सचे, म्हणजे कामगारांच्या लेखी तक्रारींचे, आणि नोकरी सोडणाऱ्यांचे आकडे. जो फोरमन कदर करत नाही त्याच्या खात्यात तक्रारी जास्त, त्याने शिस्त कमी केली तरी जास्तच. जो कदर करतो त्याने शिस्त पुष्कळ वाढवली तरी तक्रारी फारशा वाढत नाहीत. मी हे डोळ्यांनी बघितलंय. आमच्याकडे एक चार्जमन, म्हणजे खात्यातला सुपरवायझर, माल नापास होऊन आला की असा फैलावर घ्यायचा की बाहेरच्या माणसाला वाटेल आता युनियन येणार, पण लेखी तक्रार कधी कुणी त्याच्याविरुद्ध दिली नाही, कारण कुणाच्या घरी आजारपण असलं की शिफ्ट बदलून द्यायला तोच पहिला. दुसऱ्या एका साहेबांचा आवाज कधीच चढला नाही, गोड बोलायचे, आणि युनियनचे कमिटी मेंबर तक्रारी घेऊन रोज त्यांच्या केबिनबाहेर.

दुसरा अभ्यास तुमच्या ट्रेनिंगबद्दल आहे पोरी. ह्याच फ्लाइशमनने १९५३ मध्ये लिहिलं, फोरमन लोकांना माणसं सांभाळायचं ट्रेनिंग दिलं, वर्गात सगळे बदलले, परत खात्यात गेल्यावर मात्र ते वागले त्यांच्या स्वतःच्या साहेबासारखे. साहेब कदर करणारा असेल तर फोरमनही तसा, नाहीतर ट्रेनिंग पाण्यात. म्हणून तुमचे मॅनेजर तुम्हाला ईक्यूची लिंक पाठवतायत ह्याचा मला राग येतो. टॅटसाठी फाइल न उघडता ढकला हा दबाव वरून कुणी तयार केला? तो तसाच ठेवायचा आणि खालच्या मुलीला हसरं राहा सांगायचं हे काही नेतृत्व नाही.

ओबी_शिकवतो

काकांनी फ्लाइशमन आणला हे फार बरं झालं, मुलांना तो जुना वाटतो म्हणून वाचत नाहीत. अंधेरी_सेल्स, तुमचा आक्षेप योग्य आहे, प्रयोगशाळेतल्या गटांची कुणाशी जुनी ओळख नसते, आणि मालाडच्या टीममध्ये वर्षानुवर्षांचं नातं आहे. म्हणून मी व्हान क्लीफपेक्षा काकांच्या कारखान्याच्या आकड्यांना ह्या प्रश्नात जास्त वजन देईन.

मालाडची_टीएल

खूप खूप आभार सगळ्यांचे, ट्रेनमध्ये वाचत होते आणि स्टेशन निघून गेलं असतं. सिस्टर, तुमच्या प्रश्नावर विचार केला. बहुतेक जण अजून येतात सांगायला. एक जण येत नाही, आणि तोच टीममध्ये सगळ्यात जुना आहे, हडलमध्ये मी त्याचं नाव घेऊन बोलले होते. काका, टॅटचं तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं, मॅनेजरशी त्यावर आकडे घेऊन बोलणार आहे, घाईमुळे किती फाइल्स परत आल्या ते माझ्याकडे आहे. पण ह्या एका माणसाशी कसं बोलू? पुढच्या आठवड्यात त्याचं वन ऑन वन, म्हणजे दोघांचीच ठरलेली मीटिंग, आहे.

ओबी_शिकवतो

क्लुगर आणि डेनिसी ह्यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे शेकडो निकाल एकत्र केले, सरासरीने फीडबॅकचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा त्याने कामगिरी खाली गेली. त्यांचं स्पष्टीकरण असं की लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं, मी कसा आहे, मला काय समजतात, की फीडबॅक उलटतो. चारचौघांत नाव घेतल्यावर नेमकं तेच होतं. म्हणून एका फाइलवरच बोला, तीच स्क्रीनवर उघडून, आणि इथे कुठे अडलं ते त्यालाच सांगू दे.

सिस्टर_इन्चार्ज

आणि केबिनमध्ये नको, त्याच्या डेस्कवर खुर्ची ओढून बसा. आधी विचारा की एवढ्या फाइल्स एका शिफ्टमध्ये उघडून बघणं जमतं का. तो सगळ्यात जुना आहे, खरं उत्तर त्याच्याकडेच असणार, आणि ते उत्तर मॅनेजरकडे न्यायच्या आकड्यांत त्याच्या नावाने जाऊ दे, त्याची परवानगी घेऊन.

मालाडची_टीएल

हे जमेल. वन ऑन वनची वाट बघत नाही, सोमवारीच बसते त्याच्याबरोबर, मॅनेजरची मीटिंग त्यानंतरची मागते.