लॉगिन पुन्हा पुन्हा मागितले जाते तेव्हा आधी खाते तपासावे
गूगल ड्राइव्हवरची फाइल उघडताना पुन्हा पुन्हा लॉगिन मागितले जात असेल, तर ब्राउझरची कॅशे (त्याने तात्पुरती साठवलेली माहिती) पुसली की ते थांबते, असे एका सभासदाने सुचवले आहे. तो उपाय कधी कधी लागू पडतो, परंतु माझ्या मते मूळ कारण बहुधा वेगळे असते. मर्यादित, म्हणजे ठरावीक लोकांनाच उघडता येणाऱ्या फाइलची परवानगी विशिष्ट ईमेल पत्त्याला दिलेली असते, आणि एकाच ब्राउझरमध्ये अनेक खाती उघडी असतील तर सहसा ज्या खात्याने प्रथम लॉगिन केले तेच गृहीत धरले जाते. फोंड्यातील आमच्या नाट्यमंडळाने नाटकांच्या संहितांचे फोल्डर सभासदांना उपलब्ध करून दिले, तेव्हा शिक्षक असलेल्यांना नेमकी हीच अडचण आली: परवानगी शाळेच्या पत्त्याला होती आणि मोबाइलवर लिंक उघडत होती घरच्या खात्यातून. इन्कॉग्निटो विंडोत (आधीची लॉगिन न वापरणाऱ्या खासगी खिडकीत) फक्त शाळेच्या खात्याने लॉगिन केल्यावर फाइल लगेच दिसली.

याउलट, संहिता शाळेच्या खात्यात ठेवली असेल आणि तेथील प्रशासकाने संस्थेबाहेर फाइल देण्यास मनाई केली असेल, तर खुद्द फाइलच्या मालकालाही बाहेरच्या पत्त्याला परवानगी देता येत नाही. मग वाचणाऱ्याने लॉगिन कितीही वेळा केले तरी उपयोग नसतो. अशा वेळी प्रशासकाशी बोलावे किंवा फाइल मंडळाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी. कंटाळून लिंक सर्वांसाठी खुली करणे मात्र कृपया टाळावे, कारण अशा फोल्डरमध्ये कलाकारांचे दूरध्वनी क्रमांकही असतात.