पूर्ण गेम फुकट्याकडे, अर्धा गिऱ्हाइकाकडे: डीएलसीमुळे पायरसी वाढते का?

गिरणगावकर
माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे मोजून घ्यायच्या डीएलसीमुळे (मूळ गेमवर वेगळी डाऊनलोड करायची भर) पायरसीला खतपाणी मिळतं. किंमत हे त्यातलं एक कारण, पण मोठं कारण वेगळं आहे: चोरलेली प्रत विकत घेतलेल्या प्रतीपेक्षा जास्त भरलेली असते. टोरेंटवरचा कुठलाही रीपॅक, म्हणजे कुलूप तोडून नव्याने बांधलेली चोरटी प्रत, बघा. मूळ गेम, आजवरचे सगळे पॅच (दुरुस्तीचे अपडेट), सगळ्या डीएलसी, प्री-ऑर्डरवाल्यांना मिळालेली तलवारसुद्धा, सगळं एका इन्स्टॉलरमध्ये. ८० जीबी म्हटलं तरी १०० एमबीपीएसच्या लाइनवर पावणेदोन तासांचं काम. रीतसर घ्यायला जा, तर स्टँडर्ड, डिलक्स, अल्टिमेट, सीझन पास (पुढच्या डीएलसींचा गठ्ठा), आणि सीझन पासमध्ये न येणारी डीएलसी परत वेगळी.

सगळ्या डीएलसींना एका दावणीला बांधत नाहीये. 'विचर ३'चं 'ब्लड अँड वाइन' (२०१६) म्हणजे जवळजवळ नवा गेमच, त्याचे पैसे मागितले तर चूक काय? २००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन'साठी अडीच डॉलरला घोड्याचं चिलखत विकलं, ते हास्यास्पद होतं, पण त्यावाचून काही अडत नव्हतं. राग आहे तो तिसऱ्या जातीवर. 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन'च्या (२०१२) डिस्कवर १२ लढवय्ये आधीच भरून कुलूपबंद ठेवले होते. विक्रीला यायच्या आधीच हॅकरांनी ते खेळून दाखवले. त्याच वर्षी 'मास इफेक्ट ३' आला आणि पहिल्याच दिवशी कथेतला एक मोलाचा साथीदार १० डॉलरला वेगळा. डिस्क तुमची, पण तिच्यावरचा माल तुमचा नाही, हे एकदा ऐकवलं की गिऱ्हाइकाचा भिडस्तपणा संपतो.

कळवा स्लो
गाडं बैलापुढे जुंपताय. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि मनीष मार्केटात कॉपी सीडी मिळायच्या तेव्हा डीएलसीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. गेम पूर्ण यायचा, मॅन्युअलसकट, तरी लोक कॉपीच उचलायचे.

आता वेळेचं गणित बघा. २०२४ मध्ये 'एंटरटेनमेंट कॉम्प्युटिंग' या नियतकालिकात डेनुवो हे कॉपीविरोधी कुलूप वापरणाऱ्या ८६ गेमचा अभ्यास आला होता. पहिल्याच आठवड्यात क्रॅक (ते कुलूप तोडलेली प्रत) आला तर उत्पन्नात सरासरी सुमारे २० टक्के घट. १२ आठवड्यांनंतर क्रॅक आला तर जवळपास काहीच नाही. म्हणजे क्रॅकपायी जे गिऱ्हाईक जातं, ते पहिल्या तीन महिन्यांत जातं. मोठी डीएलसी येते कधी? 'एल्डन रिंग' फेब्रुवारी २०२२ चा, त्याची 'शॅडो ऑफ द अर्डट्री' जून २०२४ ची. जी वस्तू सव्वादोन वर्षांनी येणार, तिच्या रागाने पहिल्या आठवड्यात क्रॅक शोधला, हे मला पटत नाही. आणि त्या डीएलसीच्या तीन दिवसांत ५० लाखांवर प्रती गेल्या.

गिरणगावकर
@कळवा स्लो, अभ्यासालाच हात घालायचा तर युरोपियन कमिशनने करवून घेतलेला अहवालही घ्या, २०१७ मध्ये बाहेर आलेला. पायरसीमुळे गेमची विक्री घटते असा ठोस पुरावा त्यात सापडला नव्हता. पण तो वाद बाजूला ठेवू. तुम्ही उदाहरणं देताय दोन-दोन वर्षांनी येणाऱ्या विस्तारांची. मी बोलतोय पहिल्या दिवशी कापून वेगळ्या विकलेल्या तुकड्यांबद्दल. त्यांना तुमचं १२ आठवड्यांचं गणित लागू होत नाही, उलट तेच तुकडे त्या पहिल्या आठवड्यात डोळ्यांवर येतात.

पॅच नोट
दोघंही 'पायरसी' म्हणताना पूर्ण गेमची चोरी धरून चाललाय. डीएलसीच्या बाबतीत खरी गंमत वेगळ्या प्रकारात आहे. पीसीवर डीएलसी तीन तऱ्हेने पोचते, आणि कुठली चोरीला जाणार हे त्यावरच ठरतं.

पहिली तऱ्हा: सगळा डेटा मूळ गेमच्या अपडेटमधूनच तुमच्या डिस्कवर येतो. गेम सुरू होताना स्टोअरच्या क्लायंटला (पीसीवरच्या त्याच्या ॲपला) विचारतो, या खात्यावर अमुक क्रमांकाची डीएलसी आहे का? उत्तर फक्त हो किंवा नाही. पॅराडॉक्स कंपनीच्या 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' (२०१३) सारख्या गेमना हे करावंच लागतं, कारण मल्टिप्लेअरमध्ये होस्टकडे (डाव मांडणाऱ्याकडे) असलेल्या डीएलसी त्या डावापुरत्या सगळ्यांना लागू होतात. सगळ्यांकडे सारख्याच फाइल नसतील तर चेकसम (फाइलींवरून काढलेला ताळ्याचा आकडा) जुळणार नाही आणि डावच बसणार नाही.

दुसरी: डीएलसीच्या फाइल वेगळ्या उतरतात. नवा नकाशा, नवे आवाज, दहा-वीस जीबी. इथे नुसतं खोटं 'हो' मिळवून भागत नाही, फाइल कुठून तरी आणाव्या लागतात.

तिसरी: मालकीची नोंद सर्व्हरवर. ऑनलाइन गेममधले पोशाख, बॅटल पास वगैरे. इथे चोरायला तुमच्या पीसीवर काही नसतंच. कुणी 'फुकट स्किन' म्हणाला तर तो तुमचा पासवर्ड मागतोय.

सगळ्यात जास्त फोडली जाते ती पहिली. आणि फोडणारा बहुतेकदा मूळ गेम रीतसर घेतलेला माणूस असतो. त्याला अपडेट हवेत, स्टोअरच्या वर्कशॉपमधले मॉड (खेळाडूंनी केलेले बदल) हवेत, मित्रांशी खेळायचंय. रीपॅकमध्ये यातलं काही धड चालत नाही: रीपॅक आवृत्ती १.३४ वर अडकलेला, मॉड १.३७ चा, की मेन्यूपर्यंतही न पोचता क्रॅश. म्हणून तो खऱ्या गेमवर डीएलसीपुरती खोटी क्लायंट फाइल बसवतो. मग अपडेट आला की ती फाइल पुसली जाते आणि डीएलसीवर अवलंबून असलेली सेव्ह (साठवलेला डाव) उघडत नाही किंवा अर्धवट उघडते. अँटिव्हायरस ओरडतो म्हणून त्या फोल्डरला सूट द्यायची, आणि पुढच्या वेळी त्या फोल्डरमध्ये काय येऊन बसलंय याचा पत्ता नाही. स्टोअरचा पासवर्ड चोरणाऱ्यांना अशीच दारं लागतात.

गिरणगावकर
@पॅच नोट, तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. म्हणजे डीएलसी पैसे देणाऱ्यालाच चोर करते! 'सिम्स ४' घ्या. मूळ गेम ऑक्टोबर २०२२ पासून फुकट. एक्स्पान्शन पॅक ४० डॉलर, गेम पॅक २०, स्टफ पॅक १०, किट ५. सगळे मिळून बेरीज हजार डॉलरच्या वर जाते. दुकानात शिरायला तिकीट नाही, पण आतल्या प्रत्येक फडताळाला वेगळी किल्ली.

कळवा स्लो
हजार डॉलरची बेरीज करतो कोण? सगळे पॅक घ्यायची सक्ती आहे का? पुस्तकाच्या दुकानातल्या सगळ्या पुस्तकांची बेरीज करून 'वाचन महाग झालं' असं आपण म्हणत नाही.

पॅच नोट
पॅक सुटे असले तर तुमचं बरोबर. पण 'युरोपा ४'मध्ये २०१५ च्या 'कॉमन सेन्स'ने प्रांताचा विकास वाढवायचं बटण डीएलसीत ठेवलं, आणि त्याच वेळी फुकट पॅचने सगळा गेम त्या विकासाच्या आकड्यांवर फिरवला. आकडे सगळ्यांना दिसणार, वाढवता मात्र पैसेवाल्याला येणार. ही सुट्या पुस्तकाची गोष्ट नाही. पुढे कंपनीने ती डीएलसी मूळ गेममध्ये घालून टाकली, म्हणजे त्यांनाही ते खटकत असावं.

दादर टीटी
तुम्ही पीसीवाले आपापसात भांडताय, कन्सोलचा हिशेबच नाही. प्लेस्टेशनवर आजच्या घडीला पायरसी जवळपास नगण्य. तिथे डीएलसीमुळे चोरी वाढत नाही, डोकेदुखी वाढते. डीएलसीचा प्रदेश डिस्कच्या प्रदेशाशी जुळावा लागतो. भारतीय खातं युरोपच्या गटात मोडतं, म्हणून त्या खात्यावरून घेतलेली डीएलसी युरोपियन डिस्कलाच लागते. मुंबईत सेकंडहँड किंवा ग्रे मार्केटमध्ये आशिया आणि अमेरिकेच्या डिस्क सर्रास फिरतात. गेम मस्त चालतो, डीएलसी मात्र विकत घेऊन, डाऊनलोड करूनही दिसत नाही. घेण्याआधी कव्हरच्या कण्यावरचा क्रमांक बघा, पीएस४ ला 'सीयूएसए', पीएस५ ला 'पीपीएसए' आणि पुढे पाच आकडे. तोच क्रमांक भारतीय स्टोअरवरच्या गेमचा आहे का ते ताडून पाहा. डब्यातला डीएलसीचा कोड आधीच्या मालकाने वापरला असेल तर तो मेला, हे धरूनच भाव करा.

एवढं सगळं सांभाळून प्रामाणिक राहणारा माणूस पायरसीकडे वळत नाही, तो सगळ्या डीएलसींसकट निघणाऱ्या 'कम्प्लीट एडिशन'ची वाट बघतो. प्रकाशकाचं नुकसान तिथे आहे.

सही शिक्का
कायद्याचं थोडक्यात, कारण 'डीएलसी उघडणं म्हणजे पायरसी नव्हे' असा समज दिसतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६५अ, २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं: हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कलम ६३ब: संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंदा किंवा कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकतं. फाइल तुमच्याच डिस्कवर होती, हा बचाव यात कुठेही लिहिलेला नाही.

गिरणगावकर
कायदा मान्य. पण विकत घेतलेल्याचं काय होतं तेही बघा. २०२२ मध्ये युबिसॉफ्टने जुन्या गेमच्या ऑनलाइन सेवा बंद करताना त्यातल्या काहींच्या डीएलसी यापुढे इन्स्टॉल करता येणार नाहीत असं जाहीर केलं. पैसे दिलेल्याचा माल गेला, रीपॅकवाल्याचा हार्ड डिस्कवर शाबूत.

कळवा स्लो
हा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. पण त्यावर औषध क्रॅक नाही. जीओजी या स्टोअरवर घ्या, तिथे डीएलसीचाही ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, एक्स्टर्नल ड्राइव्हवर ठेवून द्या.

बाकी पैशाचं रडगाणं असेल त्यांच्यासाठी. 'युरोपा ४'च्या सगळ्या डीएलसी स्टीम या स्टोअरवर महिन्याच्या वर्गणीने मिळतात, २०२१ पासून, मूळ भाव ५ डॉलर. दिवाळीच्या सुट्टीत एक महिना घ्या आणि लगेच खात्याच्या तपशिलात जाऊन ऑटो-रिन्यू बंद करा. आवडली तेवढीच पुढे सेलमध्ये घ्या. काही डीएलसी आधीच असतील तर 'कम्प्लीट द सेट' प्रकारचं बंडल बघा, असलेल्यांचे पैसे वजा होतात. फसलात तर डीएलसीचाही रिफंड मिळतो: १४ दिवसांच्या आत, आणि ती घेतल्यापासून मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर.

घरात दोघं-तिघं खेळणारे असतील तर स्टीम फॅमिलीज (घरात गेम वाटून खेळायची सोय), सहा जणांपर्यंत. ज्याच्या खात्यातली प्रत चालवाल त्याच्याच डीएलसी मिळतात, म्हणून सगळ्या डीएलसी एकाच खात्यावर घ्या. इकडे दोन, तिकडे तीन असं केलंत की एकालाही पूर्ण गेम मिळत नाही. सदस्य विचार करून घाला. कुणी बाहेर पडला तर ती जागा वर्षभर अडकते.

खिडकीतली सीट
एपिक स्टोअरने २०२० मध्ये 'सिव्हिलायझेशन ६' फुकट दिला होता, तो आहे. त्याची 'गॅदरिंग स्टॉर्म' ही डीएलसी स्टीमच्या सेलमध्ये स्वस्त दिसतेय. चालेल का?

पॅच नोट
नाही. एका दुकानातली डीएलसी दुसऱ्या दुकानातल्या मूळ गेमला लागत नाही. एपिकच्याच सेलची वाट बघा, किंवा स्टीमवर मूळ गेमसकट बंडल किती पडतं ते पाहा. सेलमध्ये फरक कधी कधी फार नसतो.

गिरणगावकर
@खिडकीतली सीट, रीपॅकवाल्याला हा प्रश्न पडत नाही, एवढंच मी पहिल्यापासून सांगतोय.

कळवा स्लो
त्याला पुढच्या पॅचला पडेल.