व्हिडिओ कॉलमुळे आपली बोलायची पद्धत बदलतेय का?

प्रश्न:
रोज चार-पाच तास व्हिडिओ कॉलवर असते. परवा बहीण समोर बसून मनातलं काहीतरी सांगत होती आणि मी नुसती मान हलवत बसले, तोंडातून एक 'हं' नाही, शेवटी तीच म्हणाली, अगं ऐकतेयस ना? फार वाईट वाटलं. म्यूट राहायची सवय घरातही उतरली की काय? अजून कुणाचं होतंय असं?

उत्तर १:
होतं. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदच्या आसपास लागतात, २००९ साली १० भाषांवर अभ्यास झाला त्यात सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच दिसलं. नेट स्लो असलं की कॉलवर आवाज पोचायलाच तेवढा वेळ जातो, मग दोघं एकदम बोलतात आणि 'तू बोल', 'नाही नाही तू बोल' सुरू. आपला 'हं' पण उशिरा जाऊन समोरच्याचं वाक्य तोडतो, म्हणून आपण तो म्हणणंच सोडतो.

उत्तर २:
माझं उलट झालंय. मी आधी सगळ्यांना मधेच तोडायचो, आता समोरच्याचं पूर्ण होईपर्यंत थांबतो, घरच्यांनाही जाणवलंय. नजरेचं मात्र खरंच अवघड आहे, चेहरा बघावा तर कॅमेऱ्याकडे बघणं होत नाही, आणि कॅमेऱ्याकडे बघावं तर चेहरा दिसत नाही.

प्रश्न विचारणारी:
थँक्स, उशिराचं लक्षातच आलं नव्हतं. बहिणीला सांगते आजच.