जलनेती करताना पाणी घशात उतरते. सरावाने हे सुधारते का?

प्रश्न:
गेल्या महिन्यात एका योगवर्गात मी जलनेती शिकलो. वर्गात शिक्षक शेजारी उभे असताना पाणी एका नाकपुडीतून आत जाऊन दुसरीतून सहज बाहेर पडत असे. घरी मात्र बारा दिवस रोज सकाळी करूनही निम्मे पाणी घशात उतरते, डोळ्यांच्या मधोमध झोंबल्यासारखे होते आणि कधीकधी दुपारी खाली वाकलो की नाकातून अचानक पाणी गळते. मला धुळीची ॲलर्जी आहे, त्यामुळे ही क्रिया नीट आत्मसात करण्याची मनापासून इच्छा आहे. ज्यांनी ती दीर्घकाळ केली आहे, त्यांनी आपला अनुभव कृपया सांगावा.

प्रतिसाद:
मी नऊ वर्षे जलनेती करीत आहे आणि पहिला महिना माझाही असाच गेला होता. झोंबण्याचे कारण बहुतेक वेळा मिठाच्या प्रमाणात असते. अर्धा लिटर पाण्यात साधारण साडेचार ग्रॅम मीठ घातले, की ते पाणी आपल्या शरीरातील द्रवाइतकेच खारट होते आणि नाकातील नाजूक त्वचेला परके वाटत नाही. मीठ कमी पडले तरी झोंबते आणि जास्त झाले तरी झोंबते, हे मला उशिरा कळले. मी प्रत्येक वेळी कमीच करीत गेलो आणि त्रास वाढवून घेतला. चमच्यावर विसंबू नका, कारण बारीक मीठ आणि जाडे मीठ यांचे एकाच चमच्यातील वजन वेगवेगळे भरते. आठवडाभर काट्यावर मोजून घ्या, मग जिभेवर थेंब ठेवताच प्रमाण कळू लागेल. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला ओतल्यावर ना गरम ना गार वाटावे.

घशात पाणी उतरते ते मान मागे गेल्यामुळे. कंबरेतून पुढे वाका, मान फक्त बाजूला कलती करा आणि कपाळ व हनुवटी साधारण एका पातळीत ठेवा. तोंड उघडे ठेवून संथपणे तोंडानेच श्वास घ्या. मध्येच बोललात किंवा आवंढा गिळलात, की पाणी वाट बदलते. घरी आपण बेसिनच्या आरशात पाहण्यासाठी नकळत मान वर करतो, म्हणून मी पहिले काही महिने अंगणातल्या मोरीवर नेती करीत असे.

प्रतिसाद:
वरील सूचनांशी मी पूर्ण सहमत आहे. दुपारी गळणारे पाणी मात्र वेगळ्या कारणाने येते: नेतीनंतर नाक पूर्ण कोरडे केले जात नाही. माझ्या अनुभवात पाणी घालण्यास दोन मिनिटे लागत असतील, तर कोरडे करण्यास पाच मिनिटे द्यावी लागतात. कंबरेतून वाकून डोके खाली सोडा, थोडे थांबा, मग डोके डावीकडे, उजवीकडे आणि मध्ये ठेवून दोन्ही नाकपुड्या उघड्या असताना हलके उच्छ्वास सोडा, जसे आपण कपालभातीत सोडतो. एक नाकपुडी दाबून जोराने शिंकरू नका. नाकाच्या मागून मध्यकर्णाकडे नळी जाते आणि त्या दाबाने पाणी तिकडे ढकलले जाऊ शकते. मी हे एकदा केले आणि दोन दिवस कान बंद राहिला.

जाता जाता एक गोष्ट. 'हठप्रदीपिका' या जुन्या योगग्रंथातील नेती ही सूत्राची, म्हणजे नाकातून दोरा घालण्याची आहे, पाण्याची नव्हे. नाकाने घेतलेले पाणी तोंडावाटे सोडण्याची क्रिया 'घेरंडसंहिता' या दुसऱ्या योगग्रंथात व्युत्क्रम या नावाने, कपालभातीच्या प्रकारांत येते. तेव्हा घशात पाणी उतरले म्हणून घाबरून जाऊ नका, ते थुंकून टाका आणि मान सुधारा. सूत्रनेतीची घाई मात्र करू नका. ती शिक्षकांसमोरच शिकावी.

प्रतिसाद:
पाण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून आग्रहाने लिहितो. नळाचे किंवा विहिरीचे पाणी नुसते कोमट करून वापरू नये. ते खळखळ उकळून, झाकून निववावे आणि मगच घ्यावे. पिण्यास चालणारे पाणी नाकासाठी सुरक्षित असतेच असे नाही. नेग्लेरिया नावाचा अमीबा पोटात गेल्यास अपाय करीत नाही, पण नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्यास तो बहुधा प्राणघातक ठरतो. असा संसर्ग अत्यंत दुर्मिळ आहे, तरी उकळण्याचे कष्ट इतके थोडे आहेत की ते टाळण्याचे कारण नाही. नेतीपात्रही रोज धुऊन कोरडे ठेवावे. कान दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल, नाक पूर्ण चोंदलेले असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. ॲलर्जीचे औषधही आपल्या मनाने बंद करू नका.

प्रश्नकर्ता, तीन आठवड्यांनंतर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मीठ मोजल्यावर झोंबणे दुसऱ्याच दिवशी थांबले. मी चमचाभर कमी नव्हे, तर जवळजवळ दुप्पट मीठ घालीत होतो. मानेची सवय मोडण्यास मात्र वेळ लागला. आता उजवीकडून पाणी स्वच्छ वाहते, डावीकडून अजून थोडे घशात येते. दुपारचे गळणे पूर्ण थांबले आहे. डावी नाकपुडी बहुधा मुळातच अरुंद असावी, ती पुढच्या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवणार आहे.